दरसाल नवा अंगरखा

(शब्बाथ शाळेचे शिक्षक व पालक ह्यांच्यासाठी अभ्यासपाठ)

वाचनासाठी शास्त्रभाग : १ शमुवेल २:१८-२१, अनुवाद ६:६-७, मार्क १०:१३-१६, लूक २:४०, ५२, २ तीमथ्य १:५.



हन्नेची गोष्ट आपण पुष्कळदा वाचतो. तिची प्रार्थना, तिचा नवस, एलीच्या हवाली केलेले मूल आणि त्या मुलाला रात्री ऐकू आलेली हाक, ह्यांवर आपण उपदेशही पुष्कळ ऐकले आहेत. परंतु ह्या गोष्टीच्या मध्येच एक लहानसा उल्लेख येतो, त्याकडे आपले लक्ष सहसा जात नाही. दरवर्षी यज्ञासाठी नवऱ्याबरोबर वर जाताना हन्ना आपल्या मुलासाठी एक लहान अंगरखा करून नेत असे, एवढाच तो उल्लेख आहे.

आम्ही सुरतेच्या पांडेसऱ्यात राहणारी माणसे आहो. आमच्याकडे दिवसरात्र कापड रंगते, छापले जाते आणि वाळते. त्यामुळे ह्या ओळीवरून आमची नजर चटकन पुढे जात नाही. हन्नेने अंगरखा शिवला तेव्हा मूल तिच्याजवळ नव्हते, मग माप कसे घेतले असेल? गेल्या वर्षीचे माप चालणार नव्हते, कारण मूल वाढले होते. एलीच्या अंगरख्याचे मापही चालणार नव्हते, कारण मूल म्हणजे लहान आकाराचा एली नव्हे. तिला आपले मूल आता केवढे झाले असेल ह्याचा मनाशी विचार करावा लागला असेल, आणि तो विचार दरवर्षी नव्याने करावा लागला असेल.

ह्या पाठात तीन ते सहा वर्षांच्या मुलांविषयी आपल्याला विचार करायचा आहे. त्यांची वाढ कशी होते, ह्याविषयी अभ्यासकांनी काय शोधून काढले आहे, आणि आपण आपल्या घरांत व शब्बाथ शाळांत त्यांना त्यांच्या मापाचे काही देतो की मोठ्यांचे उतरलेले देतो, हा आजचा प्रश्न आहे.

१. आमची चूक

आरंभी आमचीच एक चूक सांगतो. आमच्या मंडळीतील बहुतेक कुटुंबे खानदेशातून आलेली आहेत. नवापूर, नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर ह्या बाजूंहून ताप्तीच्या काठाकाठाने येणाऱ्या गाडीने ती सुरतेस आली आणि गिरण्यांच्या व मागांच्या कामाला लागली. पुष्कळांची पाळी बारा तासांची असते. घर म्हणजे एक खोली. घरातल्या बायका साडीवर टिकल्या चिकटवणे, धागे कापणे अशी कामे नगावर करतात. रविवारी दुपारी शब्बाथ शाळा भरते, तीही एकाच खोलीत.

मोठ्या वर्गात दहा-बारा वर्षांच्या मुली धाकट्या भावंडांना कडेवर घेऊन येत असत. धाकटे रडायचे, पाण्याचा तांब्या लवंडायचे, पुस्तकाची पाने ओढायचे. शिक्षक वैतागले. अखेर आम्ही सर्वांनी बसून नियम केला की, पाच वर्षांखालील मुलांना वर्गात आणू नये. नियम फळ्यावर लिहिला. पुढच्या रविवारी वर्गात शांतता होती, आणि आम्हांस बरे वाटले.

तीन-चार रविवार गेल्यावर आमच्या ध्यानात आले की, शांततेचे कारण निराळेच आहे. सहा मुली येईनाशा झाल्या होत्या. आमच्यातील एक भगिनी त्यांपैकी एकीच्या घरी गेली. मुलगी दारातच धाकट्याला घेऊन उभी होती. "का ग येत नाहीस?" असे विचारताच ती म्हणाली, "ताई, मी येईन. पण ह्याला कुठं ठेवू?"

ह्या प्रश्नाला आमच्याजवळ उत्तर नव्हते. मार्काच्या दहाव्या अध्यायात बाळकांना आणणाऱ्यांस शिष्यांनी दटावले, असे आपण वाचतो, आणि ते शिष्य किती कठोर होते असे आपण मुलांना सांगतो. आम्ही तेच केले होते, आणि वर फळ्यावर लिहूनही ठेवले होते.

२. पहिली सहा वर्षे

पुष्कळ पालकांची अशी समजूत असते की, मूल शाळेत जाईपर्यंत त्याचे शिक्षण सुरू होत नाही. तोवर त्याला खाऊपिऊ घालावे, पडू देऊ नये, म्हणजे झाले. अभ्यासकांचे म्हणणे ह्याच्या उलट आहे. जन्मावेळी मुलाचा मेंदू मोठ्या माणसाच्या मेंदूच्या सुमारे पाव ते तिसरा हिस्सा असतो, आणि सहाव्या वर्षापर्यंत तो जवळजवळ नऊ-दशांश आकाराचा होतो. परंतु नुसता आकार महत्त्वाचा नाही. मेंदूतील पेशींचे एकमेकींशी जे सांधे जुळतात, त्यांवर पुढचे बोलणे, शिकणे, राग आवरणे, दुसऱ्याचे दुःख ओळखणे हे सर्व अवलंबून असते. जे सांधे वापरात राहतात ते पक्के होतात, आणि जे वापरले जात नाहीत ते गळून जातात.

हे सांधे कशाने वापरात राहतात? महागड्या खेळण्यांची त्यासाठी गरज नाही. मूल हुंकार देते, आई त्याला उत्तर देते, मूल पुन्हा हुंकारते. मूल बोटाने कावळा दाखवते, आजी म्हणते, "हो, काऊ आला, त्याला भूक लागली." अशी देवघेव दिवसातून शेकडो वेळा होते, आणि हेच मुलाचे पहिले शिक्षण होय. ती देवघेव जिथे होत नाही तिथे काय घडते, हे रुमानिया देशातील अनाथगृहांत दिसून आले. बुखारेस्ट शहरात २००० सालानंतर काही अमेरिकन संशोधकांनी तेथील १३६ मुलांचा अभ्यास केला. अनाथगृहात अन्न व निवारा होता, परंतु एकेका मुलाशी बोलणारे, त्याला जवळ घेणारे असे त्याचे स्वतःचे माणूस नव्हते. ह्या मुलांपैकी निम्म्यांना सांभाळणारी कुटुंबे मिळवून देण्यात आली. त्यांची प्रगती अनाथगृहात राहिलेल्या मुलांपेक्षा चांगली झाली, आणि जी दोन वर्षांची होण्याच्या आत कुटुंबात गेली त्यांची अधिक चांगली झाली.

लूक प्रभूच्या बालपणाविषयी फार थोडे लिहितो, परंतु ज्ञानात, शरीराने, आणि देवाच्या व माणसांच्या कृपेत त्याची वाढ झाली असे सांगतो. आजचे अभ्यासकही मुलाच्या वाढीची अशीच निरनिराळी अंगे मोजतात : शरीर, बुद्धी, भाषा, मन आणि इतरांशी वागणे. ह्यांतले एक अंग उपाशी राहिले तर बाकीचीही मागे पडतात.

३. मंडळीला हे नवे नाही

बालशिक्षण हा आजकालचा विषय आहे असे कोणी समजू नये. मोरावियातील बंधुमंडळीचे बिशप कोमेनियस (१५९२–१६७०) ह्यांनी जन्मापासून सहा वर्षांपर्यंतच्या शिक्षणाला आईच्या मांडीवरची शाळा मानले, आणि आयांसाठी पुस्तक लिहिले. मुलांनी आधी वस्तू पाहावी, मग शब्द शिकावा, ह्यासाठी त्यांनी १६५८ साली चित्रांचे पाठ्यपुस्तक छापले. फ्रान्सच्या व्होज डोंगरांत ओबरलीन (१७४०–१८२६) नावाचे पाळक होते. त्यांच्या गरीब खेड्यांतील सारा बांझे व पुढे लुईझ शेप्लर ह्या साध्या मुलींनी शेतावर गेलेल्या आईबापांची लहान मुले एकत्र जमवून त्यांना विणकाम, गाणी, झाडापानांची ओळख शिकवली. किंडरगार्टन हा शब्द ज्यांनी दिला ते फ्रोबेल (१७८२–१८५२) पाळकाचेच पुत्र होते. आणि आपली शब्बाथ शाळाही कारखान्यांच्या छायेतच वाढली. इंग्लंडमधील ग्लॉस्टर शहरी १७८० साली रॉबर्ट रेक्स ह्यांनी ती चालवली, ती आठवडाभर कामावर जाणाऱ्या आणि रविवारी रस्त्यावर भटकणाऱ्या मुलांसाठी होती.

रोम शहराच्या सान लोरेंझो ह्या कामगारवस्तीची हकिकत तर पांडेसऱ्याचीच वाटावी. आईबाप कामावर जात आणि मागे राहिलेली मुले जिने व भिंती खराब करीत. म्हणून घरमालकांनी त्यांच्यासाठी एक खोली दिली. तिथे ६ जानेवारी १९०७ रोजी डॉ. मारिया माँटेसरी ह्यांनी आपले पहिले बालगृह उघडले. मुलाला योग्य वस्तू व मोकळीक दिली तर ते आपण होऊन एकाग्र होते, हे जगाने त्या खोलीत पाहिले. पुढे १९३९ साली त्या हिंदुस्थानात आल्या आणि युद्धाच्या काळात येथेच राहून शेकडो शिक्षकांना त्यांनी शिकवले.

४. आमच्याच रेल्वेच्या रुळांवर

परंतु आम्हांस सर्वांत उपयोगी पडलेली उदाहरणे आमच्या जवळची आहेत. भावनगरचे गिजुभाई बधेका (१८८५–१९३९) वकिली सोडून बालशिक्षणात आले. १९२० साली त्यांनी दक्षिणामूर्ती संस्थेत बालमंदिर काढले. गुजराती लोक त्यांना प्रेमाने 'मूछाळी मा', म्हणजे मिशांची आई, म्हणतात. भय व मार ह्यांवाचून शिकवता येते, हे त्यांनी करून दाखवले. त्यांच्या खांद्याला खांदा लावून काम करणाऱ्या ताराबाई मोडक (१८९२–१९७३) ह्या मराठी होत्या. दोघांच्या प्रयत्नाने १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ उभा राहिला. गुजरातेत राहणाऱ्या आपण मराठी लोकांनी ही जोडी विसरू नये.

पुढे ताराबाई शहर सोडून खेड्यात गेल्या. १९४५ साली त्यांनी बोर्डी येथे ग्रामबालशिक्षा केंद्र सुरू केले. सुरतेहून मुंबईला जाताना गाडी घोलवडवरून जाते, तेथून बोर्डी जवळ आहे. बालविधवा झालेल्या अनुताई वाघ (१९१०–१९९२) तिथे त्यांना येऊन मिळाल्या. १९५७ साली काम डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर वारली आदिवासींमध्ये गेले. आधी त्यांनी बालवाडी काढून मुलांची वाट पाहिली, पण मुले येईनात. मोठी मुले गुरे राखत होती आणि मुली धाकट्यांना सांभाळत होत्या. येथे आमची शब्बाथ शाळा आठवा. त्या बायांनी नियम केला नाही, शाळाच बदलली. मूल शाळेत येत नसेल तर शाळेने त्याच्या अंगणात जावे, म्हणून अंगणवाडी झाली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणात शाळा भरली. धाकट्यांसाठी पाळणाघर, मधल्यांसाठी बालवाडी आणि मोठ्यांसाठी प्राथमिक शाळा अशी तिन्ही एकाच छपराखाली आणली, तिला विकासवाडी हे नाव दिले. माँटेसरीची महाग साधने परवडत नव्हती, म्हणून बिया, शिंपले, खडे, पाने, माती ह्यांनाच साधने केले.

"ह्याला कुठं ठेवू?" ह्या प्रश्नाचे उत्तर आमच्या रेल्वेच्याच रुळांवर, काही तासांच्या अंतरावर, कितीतरी वर्षांपूर्वी दिले गेले होते. ते आम्हांस ठाऊक नव्हते, एवढेच.

५. ह्याचा उपयोग होतो का?

कोणी विचारील, लहान मुलांना खेळवण्यात एवढा वेळ घालवून पुढे काय मिळते? हा प्रश्न अभ्यासकांनीही विचारला आहे. अमेरिकेतील मिशिगन राज्यातल्या इप्सिलँटी गावी १९६२ साली एक प्रयोग सुरू झाला. गरीब कृष्णवर्णीय कुटुंबांतील तीन-चार वर्षांची १२३ मुले निवडून त्यांचे दोन गट केले. एका गटाला रोज अडीच तासांची चांगली बालशाळा मिळाली, आणि दर आठवड्याला शिक्षिका त्यांच्या घरी जाऊन आईशी बोलत असे. दुसऱ्या गटाला हे मिळाले नाही. मग ही मुले चाळीस वर्षांची होईपर्यंत त्यांची हकिकत ठेवली गेली. बालशाळेत गेलेल्यांपैकी शेकडा ६५ जणांनी माध्यमिक शाळा पुरी केली, दुसऱ्या गटात शेकडा ४५ जणांनी. पाच किंवा अधिक वेळा अटक झालेले पहिल्या गटात शेकडा ३६ होते, दुसऱ्या गटात ५५. विशेष हे की, बुद्धिमापनातील आरंभीची आघाडी काही वर्षांत ओसरली होती. जे टिकले ते निराळे होते : कामाला चिकटून राहणे, स्वतःस आवरणे, इतरांशी जुळवून घेणे. मुले थोडी होती आणि गाव एकच होते, म्हणून हे आकडे जसेच्या तसे सगळीकडे लागू होतील असे नाही. पण दिशा स्पष्ट आहे.

जमैका बेटावरील किंग्स्टन शहरात १९८६-८७ साली वाढ खुंटलेल्या १२९ बाळांवर असाच प्रयोग झाला. काहींच्या घरी दोन वर्षे दर आठवड्याला एक आरोग्यसेविका तासभर जाई, आणि घरगुती वस्तूंच्या खेळण्यांनी बाळाशी कसे खेळावे, कसे बोलावे, हे आईला दाखवी. काहींना दूध पुरवले. वीस वर्षांनी पाहिले तेव्हा खेळ मिळालेल्या मुलांची कमाई तसा खेळ न मिळालेल्या मुलांपेक्षा सुमारे शेकडा २५ ने अधिक होती. नुसत्या दुधाचा असा टिकाऊ परिणाम दिसला नाही. ह्याचा अर्थ दूध नको असा नव्हे. मुलाला भाकरही हवी आणि शब्दही हवा, असा त्याचा अर्थ आहे.

आपल्या देशात २ ऑक्टोबर १९७५ रोजी ३३ गटांत एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली, आणि अंगणवाडी हा शब्द देशभर गेला. तमिळनाडूत ह्या योजनेच्या ६४० केंद्रांचा अभ्यास झाला. त्यांतील निम्म्या केंद्रांत अर्धवेळ काम करणारी एक जादा सेविका दिली. दीड वर्षात तिथल्या मुलांचे शिकणे वाढले आणि कुपोषणही घटले. एक माणूस वाढल्याने एवढा फरक पडतो, हे आपल्या मंडळ्यांनी ध्यानात घ्यावे.

तथापि एक इशाराही आहे. असम, राजस्थान आणि आंध्र-तेलंगण येथे २०११ ते २०१६ ह्या काळात हजारो मुलांचा पाठपुरावा करण्यात आला. पुष्कळ बालवर्गांत खेळाऐवजी घोकंपट्टीच चालते, आणि पहिलीत जाताना मुलांची तयारी कच्चीच असते, असे त्यात आढळले. म्हणजे मूल 'नर्सरी'त जाते एवढ्याने भागत नाही. तिथे त्याला त्याच्या मापाचे मिळते का, हे पाहावे लागते. चार वर्षांच्या मुलाकडून ए ते झेड लिहवून घेणारी शाळा पाहून पालकांना समाधान वाटते. परंतु ज्या बोटांना अजून मातीचा गोळा नीट वळता येत नाही, त्यांना पेन्सिल धरायला लावणे म्हणजे शमुवेलाला एलीचा अंगरखा घालणे होय. २०२० सालच्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानेही तीन ते आठ वर्षे हा पायाचा टप्पा मानून त्यात खेळाला मुख्य स्थान दिले आहे.

६. कोणत्या भाषेत?

पांडेसऱ्यात हा प्रश्न मोठा आहे. घरी अहिराणी, मावची किंवा भिली, उपासनेत मराठी, गल्लीत हिंदी व ओडिया, दुकानात गुजराती. सुरत महानगरपालिकेच्या शाळांत गुजराती, मराठी, हिंदी, उर्दू, ओडिया, तेलुगू, इंग्रजी अशी निरनिराळी माध्यमे आहेत, आणि शेजारच्या खाजगी शाळेवर इंग्रजीची पाटी आहे.

आमच्या लहान वर्गात चार वर्षांचा एक मुलगा दोन महिने तोंड उघडत नव्हता. तो मंद असावा असे आम्ही ठरवून टाकले होते. एके दिवशी धुळ्याकडची एक नवी भगिनी मदतीला आली. तिने त्याच्याजवळ बसून विचारले, "तुनं नाव काय शे?" मुलाने मान वर केली, नाव सांगितले आणि मग म्हणाला, "माले पानी दे." दोन महिने त्याला तहान लागली असेल, आणि ती कोणत्या भाषेत सांगावी हे त्याला कळले नसेल.

अभ्यासकांचे म्हणणे असे की, लहान मूल घरच्या भाषेत लवकर व खोल शिकते, आणि त्या पायावर दुसरी भाषा चांगली उभी राहते. दोन-तीन भाषा कानावर पडल्याने मूल गोंधळून कायमचे मागे पडते, हा समज खरा नाही. तेव्हा घरात अहिराणी बोलायला लाजू नये. शिक्षकांनी 'शुद्ध बोल' म्हणून मुलाला अडवू नये. आधी त्याच्या शब्दाला उत्तर द्यावे, मग आपला शब्द शेजारी ठेवावा. तीमथ्याचा विश्वास आजी लोईस व आई युनीके ह्यांच्याकडून आला, असे पौल लिहितो. आजीची भाषा घरातून काढून टाकली तर आजीजवळ नातवाला देण्यासाठी काय उरेल?

७. लहान वर्ग कसा चालवावा

आम्ही तो नियम पुसून टाकला. चाळीच्या ओट्यावर दोन सतरंज्या टाकून लहानांचा वर्ग वेगळा सुरू केला. मोठ्या मुली धाकट्यांना तिथे सोपवून आपल्या वर्गात जातात. सहांपैकी चार परत आल्या. एका मुलीचे कुटुंब गावी परत गेले होते, आणि एकीला तोवर कामाला लावले होते. ती गोष्ट आम्हांस अजून बोचते. पावसात ओटा भिजतो आणि शिक्षिका टिकत नाहीत, ह्याही अडचणी आहेत. तरी जे थोडे शिकलो ते येथे देतो.

(अ) तासाचे तुकडे करा. मूल आल्यावर नावाने स्वागत व मोकळा खेळ पंधरा मिनिटे, हातवाऱ्यांची गाणी दहा मिनिटे, गोष्ट सात-आठ मिनिटे, हाताचे काम पंधरा मिनिटे, शेवटी एक-दोन वाक्यांची प्रार्थना व खाऊ.

(आ) गोष्ट एकच घ्या आणि ती तीन-चार रविवार सांगा. मोठ्यांना कंटाळा येतो, मुलांना येत नाही. हरवलेले मेंढरू सांगितले तर पुढच्या वेळी मुलांनाच मेंढरू होऊ द्या, लपू द्या, शोधू द्या. गोष्टीचे तात्पर्य घोकून घेऊ नका.

(इ) साधने वस्तीतच आहेत. स्वच्छ धुतलेले कापडाचे रंगीत तुकडे, सुताचे रिकामे कोन, पुठ्ठ्याची खोकी, पाने, चिकणमाती पुरेत. रंगाप्रमाणे तुकडे लावणे, मऊ व खरखरीत ओळखणे, कोन उंचीप्रमाणे मांडणे हेच त्यांचे गणित. टिकल्या, मणी, बटणे देऊ नयेत, कारण लहान मुले ती तोंडात किंवा नाकात घालतात.

(ई) भीती घालू नका. "देव शिक्षा करील" असे म्हणून गप्प बसवलेले मूल देवाला पोलीस समजू लागते. मारू नका, आणि दुसऱ्या मुलाशी तुलना करू नका.

(उ) आठ-दहा मुलांमागे एक मोठे माणूस असावे. वर्ग घेणाऱ्या व्यक्तीखेरीज दुसरे एक मोठे माणूस नेहमी हजर असावे, आणि मूल ओळखीच्या माणसाच्याच हाती परत द्यावे.

(ऊ) वर्ग शेजाऱ्यांच्या मुलांसाठीही उघडा असावा. मात्र आईबापांना विचारल्यावाचून कोणाचे मूल बसवू नये, आणि खाऊचे आमिष दाखवू नये. जवळच्या अंगणवाडीतील ताईंची ओळख करून घ्यावी. मुलाची लस, वजन, आहार ह्यांसाठी पालकांना तिकडे पाठवावे. तिचे काम आपण हिरावून घ्यायचे नाही, तिला हात द्यायचा आहे.

८. पालकांसाठी दोन शब्द

बारा तासांची पाळी करून आलेल्या बापाला "मुलाशी खेळा" असे सांगणे सोपे आहे, करणे कठीण आहे, हे आम्ही जाणतो. म्हणून वेगळा वेळ काढा असे आम्ही म्हणत नाही. अनुवादाच्या सहाव्या अध्यायात मुलांशी बोलण्यासाठी ज्या वेळा सांगितल्या आहेत त्या पाहा : घरी बसताना, वाटेने चालताना, निजताना, उठताना. ह्यांत नवीन वेळ एकही नाही. आईने भाकरी करताना पिठाचा गोळा मुलाच्या हाती द्यावा आणि "हा मोठा, हा लहान" म्हणावे. बापाने पाण्याच्या रांगेत उभे असताना हंडे मोजावे. आजीने गावाकडची गोष्ट सांगावी. मुलाने विचारलेल्या प्रश्नाला उत्तर द्यावे, आणि उत्तर येत नसेल तर "चल, विचारू या" म्हणावे. रडणाऱ्या मुलाच्या हाती मोबाईल दिला की ते गप्प होते खरे, परंतु मोबाईल त्याच्या हुंकाराला हुंकार देत नाही. मूल मागत असते ते आपला चेहरा.

चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या मंडळीत सहा वर्षांखालील मुले किती आहेत? त्यांची नावे आपल्याला सांगता येतील का?

२. उपासनेच्या वेळी ही मुले कुठे असतात, आणि त्यांना सांभाळणारी व्यक्ती कशाला मुकते?

३. आपल्या शब्बाथ शाळेत न लिहिलेले, परंतु मुलांना दाराबाहेर ठेवणारे नियम कोणते आहेत?

४. आपल्या वस्तीतील मुले घरी कोणत्या भाषा बोलतात? त्या बोलणारे कोणी शिक्षकांत आहे का?

५. एलीचा अंगरखा शमुवेलाला घालण्याचा प्रकार आपण कुठे करीत आहोत?

शेवटी पुन्हा हन्नेकडे वळू या. तिने एकच अंगरखा फार मोठा शिवून "वाढत्या अंगाला होईल" असे म्हटले असते तर तिचे श्रम वाचले असते. पण तो अंगरखा त्या वर्षी त्या मुलाच्या पायांत आला असता. तिने दरसाल नवा शिवला. आपल्या ओट्यावरचा धाकटा पुढच्या पावसाळ्यात पाच वर्षांचा होईल. त्याला मग आजचे माप पुरणार नाही. येत्या रविवारी सतरंजी टाकण्यापूर्वी शिक्षकांनी एकेका मुलाचे नाव घेऊन प्रार्थना करावी, आणि ते मूल गेल्या वर्षी काय करीत होते व आज काय करू लागले आहे, हे एका वहीत लिहून ठेवावे. ती वही आपल्यासाठी मापाची पट्टी होईल.